हातभर आणि एक वीत

मित्रांनो, मी एक जुना सुती दोर आहे आणि मला कोणाचेही बोलणे पटकन खरे वाटत नाही. हा स्वभाव मी हौसेने जोपासलेला नाही. ज्याचे आयुष्य मोजण्यात गेले, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून चालत नाही. कोणी म्हणाले, "अंतर बरोबर आहे," की माझ्या मनात लगेच येते, कोणी मोजले आणि कशाने? या सवयीमुळे मी एकोणीस वर्षे ताठ राहिलो. याच सवयीमुळे एका सकाळी मी एका भल्या माणसावर संशय घेतला. ज्याला हे सांगायला हवे त्याला मी सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दोर वळणारा कारागीर कमरेला सुताचा गुंडा बांधून उलट्या पावलांनी मागे मागे जाई आणि त्याची बायको दुसऱ्या टोकाला चाक फिरवी. तीन पदर आधी वेगवेगळे वळले गेले, मग तिघांना एकत्र पीळ बसला आणि मी झालो. दोर पुरा झाला की कारागीर तो खांबाला अडकवून दोनदा जोरात ओढून बघे. बायको म्हणायची, "अहो, इतकी वर्षं वळताय, अजून भरवसा नाही का?" तो म्हणायचा, "दोरावर आहे. माझ्या हातावर नाही." त्याचे हे बोलणे मी जन्मतःच ऐकले. संशय घ्यावा एवढे त्यातून शिकलो. तो कोणापासून सुरू करावा, तेवढे नेमके शिकायचे राहून गेले.

तिथून मी लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराची मापाची पट्टी टोकाला दोन बोटे झिजलेली होती, हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आले. सहा महिने मी खिळ्यांच्या डब्याशेजारी पडून तो गिऱ्हाइकांना कसा मोजून देतो ते बघत होतो. जगाबद्दल माझे मत तिथेच बनले.

मग एक दिवस फुटबॉलच्या मैदानाचा राखणदार आला. उंच, वाकलेला, कानावर पेन्सिल ठेवणारा माणूस. त्याला सगळे मामा म्हणत. लहान म्हणत, म्हातारे म्हणत, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला सुतारही मामाच म्हणे. मामांनी मला विकत घेतले, मैदानावर नेले आणि सुताराकडून पोलादी टेप मागून आणली. गोलरेषेपासून लहान चौकट किती, पेनल्टीचा ठिपका किती, मोठी चौकट किती, अशी तीन अंतरे त्यांनी माझ्यावर मोजली आणि तीन गाठी मारल्या. गाठी साध्यासुध्या नव्हत्या, दुहेरी, जांभळाएवढ्या मोठ्या. मोठ्या चौकटीच्या गाठीत त्यांनी लाल चिंधी गुंफली. प्रत्येक अंतर तीनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना सुतार कंटाळून घरी गेला.

मैदान म्हणजे मोठेसे काही नव्हते. एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता, मध्ये तुळतुळीत माती. कोपऱ्यात कोठी. तिच्यात रेषा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पोती, जाळ्या, रूळ आणि एक गळकी झारी. कोठीची चावी मामांच्या कमरेच्या करदोट्याला असे. सामन्याच्या दिवशी उजाडले की मामा मला खांद्यावर टाकून निघत. खुंटी ठोकत, मला ताणत, गाठीपाशी दुसरी खुंटी ठोकत आणि मग फक्की मारत. दोन्ही बाजू आखून झाल्या की बादलीत बुचकळून माझ्या अंगावरची फक्की धूत, कारण ती सुताला खाते. मग मला भिंतीवरच्या खुंट्यांवर दोन दिवस वाळवत. पावसाळ्यात मैदान बंदच असे. त्यामुळे एकोणीस वर्षांत मी ओल्या अंगाने एकदाही काही मोजले नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवले नव्हते.

कौतुकही माझ्या वाट्याला आले. एकदा बाहेरगावचे एक क्रीडाअधिकारी स्वतःची टेप घेऊन आले आणि चारही कोपरे मोजून म्हणाले, "हा दोर नाही हो, ही पट्टी आहे." मामा दोन दिवस तेच सगळ्यांना सांगत फिरले. मलाही चढले. जगात एक मी तेवढा बरोबर आणि बाकी सगळे मोजून बघण्याच्या लायकीचे, असे मला वाटू लागले.

आता त्या सामन्याकडे येतो.

आमच्या मैदानावर दरवर्षी उन्हाळ्यात धुलाईखाना आणि छापखाना यांचा फुटबॉल सामना होई. दोघांचे दरवाजे एकाच रस्त्यावर समोरासमोर होते आणि दोघांचे बोलणे जेमतेम कामापुरते होते. भांडणाचे कारण सांगतो. गेल्या वर्षी छापखान्याने आपल्या संघाचे सुती शर्ट धुवायला दिले. ते इतके आटून आले की पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरचे पोट उघड्यावर पडले. छापखाना म्हणाला, मुद्दाम केले. धुलाईखान्याचा कप्तान हातवारे करत सांगत होता की यात त्यांचा काडीचाही दोष नाही. मग धुलाईखान्याच्या पावत्या छापून आल्या, तर त्यांवर फोन नंबर दवाखान्याचा होता. महिनाभर लोक कंपाउंडरला आपल्या चादरींची खुशाली विचारत होते. धुलाईखाना म्हणाला, मुद्दाम केले. छापखाना म्हणाला, छपाईचे खिळे जुळवताना चूक झाली. कोणाचाच कोणावर विश्वास बसला नाही. मला तर दोघांवरही बसला नव्हता.

धुलाईखान्याच्या कप्तानाला सगळे 'कडक' म्हणत, कारण त्याची कॉलर आणि जीभ दोन्ही खळ घातल्यासारखी होती. छापखान्याचा कप्तान होता मामांचा सख्खा भाचा. तोच त्यांचा गोलकीपर. सगळ्या गावाचे मामा असलेल्या माणसाचा खरा भाचा एकाच संघात असणे ही गोष्ट धुलाईखान्याला दरवर्षी खुपत असे. या वर्षी तर जास्तच, कारण मैदान कमिटीच्या नव्या सेक्रेटरीने आल्या आल्या सांगून टाकले होते की पक्षपात दिसला तर राखणदार बदलू. मामांना त्या कोठीपलीकडे दुसरे काम नव्हते आणि बायको गेल्यापासून दुसरे घरही फारसे उरले नव्हते.

त्या दिवशी सकाळी सातलाच ऊन अंगाला चावत होते. मामांनी भिंतीकडची चौकट आखली. मी कोरडा, ठणठणीत, गाठ अगदी जागच्या जागी. तेवढ्यात भाचा आला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मामांना कोठीच्या सावलीत बोलावले. हे मला आवडले नाही. सरळ काम असेल तर माणूस आधी इकडेतिकडे कशाला बघेल?

मामांनी मला हातातून खाली सोडले. मी नेमका भरलेल्या बादलीत पडलो. खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले. इतक्या उकाड्यात गार पाणी माझ्या पदरापदरांत शिरले. पण पाण्याखाली मला फक्त गुळगुळ ऐकू येत होती. दोघे हळू आवाजात बोलत होते आणि मला एक शब्दही कळत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी मामांनी मला बाहेर काढले, नेहमीच्या सवयीने पिळले आणि मग त्यांच्या लक्षात आले की रस्त्याकडची चौकट अजून राहिलीच आहे. ते स्वतःशीच हसले, मला घेऊन तिकडे गेले आणि ती आखली. मग मला कोठीच्या दारापाशी उन्हात टांगले. मला दिसले ते एवढेच की भाचा जाताना काहीतरी छातीशी धरून घाईने बाहेर पडला. रस्त्यापलीकडून धुलाईखान्याचे कपडे घरोघर पोचवणाऱ्या सायकलवाल्यानेही ते पाहिले.

दहाला सामना सुरू झाला. पंच म्हणून कंपाउंडर होता, कारण दोन्ही बाजूंनी छळलेला असा तो एकच माणूस होता. सुरुवातीपासून लक्षण ठीक नव्हते. कडकने चेंडू दाबून पाहिला, मग भाच्याने दाबून पाहिला, मग दोघांनी कंपाउंडरचे घड्याळ बघायला मागितले. धुलाईखान्याने पाण्याचा माठ स्वतःचा आणला होता आणि त्यावर एक माणूस बसवला होता. छापखान्याच्या एकाने त्यातले पाणी मागितले, तर मागणाराच म्हणाला, "आधी तुमचा एक माणूस पिऊ दे, मग मी पितो." नाणेफेक भाच्याने जिंकली आणि पूर्वार्धासाठी भिंतीकडचा गोल घेतला. कडकने तेवढ्यातही डोळे बारीक केले.

उन्हाने माती भाजत होती. खेळाडू धावत कमी होते आणि एकमेकांना शब्द जास्त ऐकवत होते. पहिला गोल बाइंडरच्या पाठीला लागून त्याच्याच जाळीत गेला. छापखान्याने त्याला विचारले की तू पाठ कोणाकडे आणि का फिरवलीस? तो चिडून वाकला, तर त्याचा आटलेला शर्ट पाठीवर टर्रकन उसवला. समोरचे हसले, म्हणून धक्काबुक्की झाली. मग छापखान्याने गोल केला, तर धुलाईखाना म्हणाला, शिट्टी आधी वाजली होती. कंपाउंडरने शिट्टी सगळ्यांना दाखवली, जणू तिच्यावर वेळ लिहिलेली असते. मध्यंतरात चेंडू राखायला दोन्ही संघांनी एकेक माणूस बसवला, आणि ते दोघे एकमेकांना राखत बसले.

मी दारापाशी टांगलेला हे सगळे पाहत होतो. मामा कोणत्याच बाजूला बसले नव्हते. ते एकटे भिंतीला टेकून उन्हात उभे होते आणि एकदाही भाच्याकडे बघत नव्हते. मला वाटले, माणूस आपल्याच भाच्याकडे बघायचे का टाळतो?

उत्तरार्ध संपत आला. दोन-दोन अशी बरोबरी होती. धुलाईखान्याचा सायकलवाला चेंडू घेऊन रस्त्याकडच्या गोलावर चालून गेला. भाचा गोलमध्ये सावरून उभा राहिला. चौकटीच्या रेषेपाशी बाइंडरने सायकलवाल्याच्या पायात पाय घातला आणि दोघेही धूळ उडवत पडले. पाडले हे सगळ्यांनीच पाहिले. प्रश्न एवढाच होता की कुठे. आत असेल तर पेनल्टी, बाहेर असेल तर साधी फ्री किक. मातीवर घसरल्याची खूण होती. ती रेषेच्या बाहेर होती, जेमतेम पण बाहेर. कंपाउंडरने फ्री किक दिली.

 कडक गोलरेषेवर गेला आणि टाच लावून पावले मोजत रेषेपर्यंत आला. मग तसाच तापलेल्या मैदानातून भिंतीकडच्या गोलापाशी गेला आणि तिथे मोजली. परत येऊन त्याने रेषेवर टाच रोवली.

"ही चौकट आखूड आहे," तो म्हणाला.

मग गलका झाला. सायकलवाला उठून बसला आणि ओरडून सांगू लागला की सकाळी भाचा कोठीच्या सावलीत मामांशी कुजबुजत होता, मामांनी त्याला काहीतरी दिले, आपण डोळ्यांनी पाहिले. सेक्रेटरी छत्रीखालून उठला. कडक थेट माझ्याकडे आला आणि त्याने मला खुंटीवरून उतरवले.

मी तोवर वाळून खडखडीत झालो होतो, निदान वरून तरी. आधी त्यांनी मला भिंतीकडे नेले. एका टोकाला कडक, दुसऱ्या टोकाला बाइंडर. दोघांनी असे ताणले की मला वाटले पदर सुटतील. लाल चिंधीची गाठ रेषेवर बरोबर बसली. मग रस्त्याकडे नेले. तिथे गाठ रेषा ओलांडून पुढे गेली. कडकने हात टेकवून मोजले. हातभर आणि वर एक वीत. घसरल्याची खूण त्या पट्ट्यात पुरी आत होती.

 कडक म्हणाला, "मामा, हा दोर तुमचाच ना?"

"माझाच."

"गाठी तुम्हीच मारल्या?"

"मीच."

"मग तिकडे बरोबर आणि इकडे आखूड. हे कसं?"

मित्रांनो, त्या वेळी मीही मामांकडे तसाच पाहत होतो. मी बरोबर आहे हे तर सगळ्यांसमोर सिद्ध झाले होते. मग चुकले कोण? दोर बरोबर असेल तर हात चुकला. आणि एकोणीस वर्षे न चुकलेला हात नेमका भाच्याच्या गोलासमोर कसा चुकेल? कुजबुज आठवली. छातीशी धरलेली वस्तू आठवली. माझ्या मनाने हिशेब करून टाकला. ज्या माणसाने मला तीनतीनदा मोजून घडवले, दर वेळी पाठीवरून फक्की धुतली, तो लबाड आहे असे मी मानले. मनातल्या मनात, पण मानले.

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "दोर चुकायचा नाही. एकोणीस वर्षांत चुकला नाही. माझाच हात चुकला असेल."

"चुकला, का चुकवला?" सेक्रेटरीने विचारले.  उत्तराची वाट न बघता त्याने समोरच्या टेबलावर बोट आपटले. "चावी इथे ठेवा. कमिटी काय ते ठरवेल."

मामांनी करदोट्याची गाठ सोडायला घेतली. घामाने आवळलेली ती सुटेना. भाचा गोलमधून पुढे आला, तसे मामांनी मान न वळवताच हात वर करून त्याला थांबवले. शेवटी चावी टेबलावर आली. एवढीशी चावी, पण तिचा आवाज कोठीच्या दारापर्यंत गेला.

"दोर गुंडाळून ठेवा, पुरावा आहे," सेक्रेटरी म्हणाला. जवळ धुलाईखान्याची इस्त्रीवाली मावशी उभी होती. संघाचे शर्ट घेऊन आलेली, तीस वर्षे एकाच टेबलाशी उभी राहिलेली बाई. तिने मला कोपर आणि पंजाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. पहिली गाठ तिच्या बोटांतून सरकली. दुसऱ्या गाठीपाशी तिची गती मंदावली. लाल चिंधीपाशी तिने ती गाठ अंगठ्याने दाबली आणि अंगठा गालाला लावून बघितला.

"मामा," ती म्हणाली, "हा दोर धुता कधी?"

"काम झाल्यावर. दर वेळी."

"आजही काम झाल्यावरच?"

मामा आठवू लागले. पण भाच्याला राहवले नाही. तो पुढे आला आणि त्याने डावा हातमोजा काढून टेबलावर टाकला. अंगठ्याच्या बाजूला नवी, बारीक, पांढरी शिवण होती.

"मधेच भिजला," तो म्हणाला. "हा फाटला होता. मामाला म्हटलं, शिवून दे. तो शिवत बसला आणि दोर तेवढा वेळ बादलीत होता. त्याने दिलं ते हेच."

"आणि कुजबुजत काय होतात?" सायकलवाल्याने विचारले.

भाचा खाली बघत म्हणाला, "त्याला सांगत होतो, आज माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. लोक संशय घेतात."

 मावशीने माझी गाठ कडकपुढे धरली. "दाबून बघ. बाहेरून कोरडी आहे, आत ओल आहे. सकाळी हा चिंब होता." कडकने दाबली आणि हात मागे घेतला. मावशी म्हणाली, "गेल्या वर्षी छापखान्याचे शर्ट आटले तेव्हा तू त्यांना काय सांगितलं होतंस?"

कडकने कॉलर सैल केली.

"सांग की. तेव्हा तर सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं होतं."

"सुती आहे, पाण्यात आटणारच, असं सांगितलं होतं," कडक पुटपुटला.

"मग हा दोर कशाचा आहे?"

त्या संघातला प्रत्येक जण रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात सूत बुडवणारा होता. चादर किती आटते, पंचा किती आटतो, ओला दोर किती आवळतो आणि वाळल्यावर किती सुटतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. पण सकाळपासून ते माणसांवर इतके डोळे लावून बसले होते की सुताकडे बघायचे कोणाला सुचलेच नाही.

कंपाउंडर म्हणाला, "बोलणं पुरे. बुडवा." बादली भरून आणली गेली आणि मला तिच्यात सोडले. वीस मिनिटे सगळे भोवती उभे राहिले, उन्हात, घामाने निथळत. सकाळी त्याच पाण्यात मला बरे वाटले होते. आता पाणी पदरात शिरू लागले तसा मी आत आत आवळत गेलो आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आले की मी लहान होतो आहे. एकोणीस वर्षे मी सगळ्यांना मोजत होतो. मला स्वतःला कधी मोजावे असे माझ्या मनातही आले नव्हते.

मला पिळून, सकाळी मामांनी धरले असेल तसे, बेताने ताणून रस्त्याकडच्या चौकटीत धरले. लाल चिंधीची गाठ रेषेपाशी आली आणि थांबली. बाइंडरने वाकून सांगितले की अजून दोन बोटांचा फरक आहे. त्याच्याच संघातल्या दोघांनी त्याला मागे ओढले.

कडकने टेबलावरची चावी उचलली. सेक्रेटरी काहीतरी नियमाचे बोलू लागला, पण कडक थांबला नाही. त्याने ती मामांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. "फ्री किकच घेतो आम्ही," तो म्हणाला.

मामा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "का? पाडलं ते आत पाडलं. चौकट माझ्या चुकीने आखूड झाली, त्याची शिक्षा तुला कशाला? पंच, पेनल्टी द्या."

कंपाउंडरने एकदा भाच्याकडे पाहिले. भाच्याने हातमोजा परत चढवला, मान हलवली आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. सायकलवाल्याने मारलेला चेंडू त्याच्या डाव्या हाताला लागलाही, पण जोर इतका होता की बोटे मागे गेली आणि चेंडू जाळीत बसला. धुलाईखाना तीन-दोनने जिंकला. मामांची शिवण मात्र टिकली. छापखान्याचा बाइंडर जाताना म्हणत होता की सख्खा मामा असून पेनल्टी मागतो, यात काहीतरी असणार. काही माणसांना माझी लागण झालेली असते.

त्या दिवसानंतर बऱ्याच गोष्टी सुरळीत झाल्या. कडक दुसऱ्या दिवशी जाळ्या सोडायला मदतीला आला आणि शेवटची जाळी घडी होईपर्यंत गेला नाही. सायकलवाला मामांच्या पाया पडला. सेक्रेटरीसुद्धा म्हणाला की आपण जरा घाई केली, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने कमिटीसाठी पोलादी टेप मागवली. सगळ्यांनी आपापल्या परीने माफी मागितली. मी एकट्यानेच मागितली नाही. माझ्यावर विश्वास ठेवून तो माणूस स्वतःला चुकीचा म्हणाला, आणि मी मनातून त्याला लबाड म्हणालो. चूक तर माझ्याच अंगात मुरली होती. दोराला तोंड नसते, हे मला त्याआधी कधी जाणवले नव्हते.

टेप आल्यावर मी वर्षभर कोठीत पडून होतो. अंगावर धूळ बसली, एका उंदराने एक टोक कुरतडले. मग एक दिवस मामांनी मला झटकून घरी नेले आणि अंगणात दोन खांबांना बांधले. आता माझ्यावर कपडे वाळतात. मामांचे दोन सदरे, भाच्याचा शर्ट, कधी ते हातमोजे. ओले कपडे पडले की मी आटतो, आवळतो आणि खांबांना ओढू लागतो. त्या वेळी मामा बाहेर येतात, लाल चिंधीची गाठ अंगठ्याने दाबून बघतात आणि खांबाकडचा फास वीतभर सैल करतात. वाळल्यावर पुन्हा ओढून घेतात. दिवसातून दोनदा. कंटाळत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना दोर असेल तर वापरून झाल्यावर तो नीट वाळवा, ओला तसाच कोपऱ्यात टाकू नका, आणि मोजायला घेण्याआधी त्याची गाठ दाबून बघा. कोणाला आखूड ठरवायची वेळ आली तर आपल्या हातातले माप आज कोरडे आहे का, हे आधी पाहा. मी पाहिले नाही.

काल भाचा अंगणात उभा होता. मामांना फास सैल करताना पाहून तो म्हणाला, "मामा, टाकून दे ना तो दोर. त्याच्या पायी तुझी चावी गेली असती." मामांनी गाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "त्याला काय माहीत होतं, तो भिजलाय ते."